सीमेपलीकडे गेलेली बाई परत कशी येते?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी जसंच्या तसं देत आहोत.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या काकू, मावशी, ताई. मागे ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा.

आजच्या अजेंड्यावर शेवटचा विषय आहे ‘मानवी तस्करी – माहिती’. कर्जफेडीला आणि ऑडिटला दोन तास गेले, ते बरोबरच आहे. माझ्याकडे आता जेवणाआधीची वीस-पंचवीस मिनिटं आहेत. ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, आमिषाला बळी पडू नका’ हे मी आज सांगणार नाही. ते एसटी स्टँडवरच्या पोस्टरवर लिहिलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्याने फारसं काही होत नाही. कारण नेणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. पाहुण्यातला असतो, नाहीतर ‘आमच्या गावची चार पोरं मीच लावली’ म्हणणारा असतो.

मागच्या बैठकीनंतर एका काकूंनी मला चहा पिताना विचारलं होतं, ‘पोरी, बाई दुबईला गेली, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर आपली तालुक्याची पोलीस चौकी तिथं जाऊन काय करणार?’ प्रश्न एकदम बरोबर आहे. चौकी तिथे जाऊ शकत नाही. सीमेपलीकडे आपल्या पोलिसाचा हुकूम चालत नाही. तिथे एका देशाला दुसऱ्या देशाशी बोलावं लागतं. ते कसं बोलतात, कुठे अडतात आणि त्यात गावातल्या बाईचं काय काम असतं, एवढंच आज सांगते.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण पेपरात दोन्हीला ‘मानवी तस्करी’च म्हणतात. एक आहे माणसांची चोरटी ने-आण. म्हणजे मला परदेशात जायचंय, व्हिसा मिळत नाही, मी एजंटला पैसे देते, तो मला चोरवाटेने नेतो. पंजाब-हरियाणात याला ‘डंकी’ म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये ३०३ प्रवासी घेऊन मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघालेलं एक विमान फ्रान्सने अडवलं होतं, आठवतंय? त्यात बहुतेक आपले भारतीय होते. त्यातले २७६ जण चार दिवसांनी मुंबईच्या विमानतळावर परत उतरले. ते असं प्रकरण असावं असा संशय होता. दुसरा प्रकार म्हणजे माणसांचा व्यापार. त्यात फसवून, धाक दाखवून किंवा कोणाच्या गरजेचा फायदा घेऊन माणसाला न्यायचं आणि तिथे राबवायचं. शरीरविक्री, वेठीचं घरकाम, कारखाना, भीक, काहीही. यात सीमा ओलांडलीच पाहिजे असं नाही. आपल्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की हा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती होती की नव्हती हे बघायचं नाही. ‘ती स्वतःच्या पायाने गेली होती’ असं पोलीस पाटील म्हणाले तर हे कलम त्यांना सांगायचं.

कागदावर हे दोन प्रकार वेगळे आहेत. रस्त्यात ते एकमेकांत कसे मिसळतात ते पुढे सांगते.

आता मुंबईची गोष्ट. फेब्रुवारी १९९६. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठे छापे घातले. जवळपास पाचशे मुली-बायका बाहेर काढल्या. त्यातल्या दोनशेच्या वर नेपाळच्या होत्या. नेपाळ आणि भारत यांच्यामध्ये सुमारे साडेसतराशे किलोमीटरची सीमा आहे आणि ती उघडी आहे. १९५०च्या करारापासून तिथे पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. लोक बाजाराला, लग्नाला, मजुरीला रोज ये-जा करतात. ही चांगलीच गोष्ट आहे, दोन्हीकडच्या गरिबांचं पोट त्यावर चालतं. पण त्याच वाटेने सिंधुपाल्चोक, नुवाकोट अशा डोंगरातल्या जिल्ह्यांमधून पोरी मुंबईला आणि पुण्याला आणल्या जात होत्या.

छापा झाला, पेपरात बातम्या आल्या. आणि मग या मुलींना ठेवलं सुधारगृहात. तुम्हाला वाटेल, आठवड्याभरात गाडीत बसवून घरी पाठवलं असेल. तसं झालं नाही. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला लवकर तयारच झालं नाही. या आमच्याच मुली कशावरून? नागरिकत्वाचा दाखला कुठाय? आणि न बोललेली भीती होती एड्सची. गावातून नेलेल्या पोरीकडे दाखला कुठून असणार? काहींना तर गावाचं नाव नीट सांगता येत नव्हतं, इतक्या लहानपणी आणलेलं. महिने गेले. शेवटी नेपाळमधल्या सात संस्थांनी जबाबदारी घेतली आणि जुलैमध्ये १२८ जणी परत गेल्या. एका देशाच्या कोर्टाने सोडवलेल्या पोरी, दुसऱ्या देशाने घ्यायच्या नाहीत, आणि कोणाकडे बोट दाखवावं तर तसा नियमच नव्हता. दोन शेजारी देशांमध्ये बाजार करायला नियम होते, नदीच्या पाण्याचे करार होते. परत आलेल्या मुलीचं काय करायचं, याचा नव्हता.

या परत गेलेल्या मुलींपैकी काहींनी त्याच वर्षी, १९९६ मध्ये, काठमांडूत स्वतःचा गट काढला. नाव शक्ती समूह. आपण दहा जणी मिळून बचत गट काढतो तसाच. पण संस्थेची नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं, कारण नोंदणीला नागरिकत्वाचा दाखला लागतो आणि तोच त्यांच्याकडे नव्हता. २०१३ मध्ये याच शक्ती समूहाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेपाळमध्ये माइती नेपाळ नावाची अजून एक मोठी संस्था आहे, १९९३ पासूनची. माइती म्हणजे माहेर. त्यांच्या बाया सीमेवरच्या नाक्यांवर उभ्या राहतात, त्यात स्वतः फसवल्या गेलेल्याही आहेत. एखादा पुरुष दोन पोरी घेऊन चाललाय, पोरी गप्प आहेत, तर त्या थांबवून दोघींना वेगवेगळं विचारतात, कुठं चाललीस, हा तुझा कोण. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पोलिसाला जे दिसत नाही ते त्या रस्त्याने जाऊन आलेल्या बाईला दिसतं.

आता देशांचं बघू. ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडूला सार्क देशांनी, म्हणजे भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, भूतान, मालदीव यांनी, बायका आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध एक करार केला. तो २००५ मध्ये लागू झाला. त्यात गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करणं, तपासाला मदत करणं हे तर आहेच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. सोडवलेल्या बाईला परत पाठवण्याची व्यवस्था देशांनी मिळून करायची, आणि ती होईपर्यंत तिची राहण्याची, औषधाची, वकिलाची सोय करायची, असं त्यात लिहिलंय. १९९६ मध्ये जे नव्हतं ते हे.

करारात मोठं भोकही आहे. तो फक्त शरीरविक्रीसाठी केलेल्या व्यापारापुरता आहे. वीटभट्टी, घरकाम, कारखाना, फसवून केलेलं लग्न, किडनी, यातलं काही त्यात येत नाही. आणि सार्कच्या प्रमुखांची बैठक २०१४ नंतर झालेलीच नाही. त्यामुळे आता भारत एकेका देशाशी वेगळं बोलतो. बांगलादेशबरोबर जून २०१५ मध्ये ढाक्याला तसा समझोता झाला. सगळ्या जगाचा म्हणून जो संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, त्याला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली.

आपल्याकडच्या सुधारगृहांमध्ये बांगलादेशच्या मुलीही येतात, मुंबई, ठाणे, पुण्यातून सोडवलेल्या. त्यांचं परत जाणं कसं होतं? मुलगी पत्ता सांगते. तो पत्ता त्यांच्या देशाकडे जातो. तिथला कर्मचारी गावात जाऊन घर शोधतो, आईबाप ओळखतात का बघतो. मग कागद परत येतो, मग प्रवासाचा परवाना, मग बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावर तिला पलीकडच्यांच्या हाती सोपवतात. यात महिने जातात, काहींची वर्षंही. वेळ कुठे जातो? गावात. पत्ता अर्धवट असतो, घरचे इज्जतीला घाबरून ‘आमची नाहीच’ म्हणतात. दिल्ली आणि ढाक्याने सही केलेला करार एका खेड्यातल्या दारात येऊन अडतो.

पूर्वी अजून एक अन्याय व्हायचा. सोडवलेल्या परदेशी बाईकडे व्हिसा नाही म्हणून तिलाच परकीय नागरिक कायद्याखाली आरोपी करायचे. १ मे २०१२ रोजी केंद्राच्या गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना लेखी कळवलं, की चौकशीत ती बाई व्यापाराची बळी आहे असं दिसलं तर तिच्यावर असा खटला चालवू नका. तरीही प्रत्येक ठाण्यात हे माहीत असतंच असं नाही.

आता मघाशी म्हटलं ना, दोन प्रकार रस्त्यात मिसळतात, ते सांगते. यासाठी आपल्याला जरा पूर्वेला जावं लागेल, अंदमानच्या पलीकडे. म्यानमारमधून जीव वाचवून निघालेले रोहिंग्या आणि बांगलादेशातून कामाला निघालेले गरीब लोक दलालाला पैसे देऊन बोटीत बसायचे. जायचं मलेशियाला. इथपर्यंत ती चोरटी ने-आण. पण दलाल त्यांना थायलंडच्या जंगलात उतरवून छावण्यांमध्ये कोंडायचे, घरी फोन लावून अजून पैसे मागायचे. पैसे आले नाहीत तर मारायचे. झाला व्यापार. मे २०१५ मध्ये तिथे पुरलेले मृतदेह सापडले. त्याच महिन्यात सीमेच्या मलेशियाकडच्या बाजूला वांग केलियान नावाच्या गावाजवळ १३९ थडगी सापडली. धरपकड सुरू झाली तसे दलाल बोटी समुद्रातच सोडून पळाले. हजारो माणसं पाण्यावर, बोटीत अन्न नाही, पाणी नाही. आणि देश काय करत होते? थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया तिघांनीही सुरुवातीला बोटी आपल्या किनाऱ्यापासून परत ढकलल्या.

माणसांना बाहेर काढलं ते इंडोनेशियातल्या आचे भागातल्या कोळ्यांनी. आपल्या मासेमारीच्या होड्या घेऊन गेले आणि आणलं त्यांना किनाऱ्यावर. त्यानंतर, २० मे रोजी, मलेशिया आणि इंडोनेशिया तात्पुरता आसरा द्यायला तयार झाले.

या भागात देशांचं एक व्यासपीठ २००२ पासून होतं बरं का. बाली प्रक्रिया त्याचं नाव, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया ते चालवतात, भारतही त्यात सदस्य आहे. विषय नेमका हाच, चोरटी ने-आण आणि माणसांचा व्यापार. तेरा वर्षं बैठका झालेल्या होत्या. बोटी पाण्यावर असताना मात्र ते व्यासपीठ वेळेवर हललं नाही. मार्च २०१६ मध्ये त्यांच्या मंत्र्यांनी बालीतच जाहीरनामा काढून मान्य केलं, की अशा वेळी लवकर हालचाल व्हायला हवी, आणि तातडीने एकमेकांशी बोलण्याची सोय केली. त्यांच्यात झालेलं काही कोणावर सक्तीचं नाही, ही त्या व्यासपीठाची मर्यादा. पण मी ते कुचकामी म्हणणार नाही. आपल्या ग्रामसंघाचंही असंच नसतं का? बैठका कंटाळवाण्या वाटतात, पण गावात आग लागली की कोणाला फोन करायचा ते त्या बैठकांमुळेच ठाऊक असतं. २०१७ मध्ये थायलंडच्या कोर्टाने त्या छावण्यांच्या प्रकरणात ६२ जणांना दोषी ठरवलं. त्यात लष्कराचा एक बडा अधिकारी होता, त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. मोठ्या पदावरचा माणूस सुटतोच असं नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बरं, हे सगळं बायकांबद्दल आणि दूरच्या लोकांबद्दल आहे असं वाटत असेल तर तुमच्या पदवीधर मुलांकडे वळू. ‘थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी, राहणं-जेवण फुकट’ असा मेसेज मोबाइलवर येतो. पोरगा बँकॉकला उतरतो. तिथून गाडीने माए सोत या गावाला, आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावडीला. तिथे भिंतींच्या आत मोठमोठ्या इमारती. पासपोर्ट काढून घेतात आणि कामाला बसवतात ते लोकांना ऑनलाइन फसवायच्या. टार्गेट झालं नाही तर मार, विजेचे झटके. आपल्या गावात ज्यांचे पैसे ‘डिजिटल अटक’ म्हणून किंवा शेअरच्या लिंकवर गेले, त्यांच्याशी फोनवर गोड बोलणारा कोणीतरी असाच कोंडलेला असू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने त्या भागाची वीज, इंधन, इंटरनेट तोडलं, तेव्हा कितीतरी देशांचे हजारो लोक बाहेर आले. आणि परत तोच जुना प्रश्न. त्यांना घेऊन कोण जाणार? ज्या देशाने यादी केली, विमान पाठवलं, त्याची माणसं आधी गेली. भारताने हवाई दलाचं विमान माए सोतला पाठवलं, १० मार्चला २८३ जण परत आले, पाठोपाठ दुसरं विमान आलं. यादी कशावरून होते? आधी घरच्यांनी दूतावासाला कळवलेलं असतं त्यावरूनही होते. नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचा फोन कुठून आला.

म्हणजे मुंबईच्या १९९६ पासून आत्तापर्यंत बघा, सोडवायला पोलीस मिळतात, विमान मिळतं. अडतं ते ‘ही कोण, कुठली, कोणाची’ इथे. ते दिल्लीला माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं.

यावर कोणी म्हणेल, मग पाठवूच नका ना बायकांना बाहेर. मला हे पटत नाही, आणि कारण सांगते. २०१२ मध्ये नेपाळने तीस वर्षांखालच्या बायकांना आखाती देशांत घरकामाला जायला बंदी घातली. हेतू चांगला होता, तिथे छळ होत होता. पण घरातली गरज तर तशीच राहिली. मग बाया उघड्या सीमेने भारतात येऊन इथल्या विमानतळांवरून जायला लागल्या. त्यांच्या देशाच्या कुठल्याच वहीत त्यांची नोंद नाही. छळ झाला तर तक्रार करायची कोणाकडे, आणि करायची म्हणजे आधी ‘मी नियम मोडून आले’ हे सांगायचं! बंदीने दलालाचा दर वाढला, एवढंच झालं. आपल्याकडेही दहावी पास नसलेल्या बाईच्या पासपोर्टवर ईसीआर लिहिलेलं असतं, आणि सौदी, ओमान, कुवेत, दुबई अशा ठिकाणी कामाला जायला तिला सरकारची परवानगी लागते. वय तीसच्या वर लागतं. एजंट म्हणतो, कशाला ती कटकट, भेटीच्या व्हिसावर चल. तिथेच पाऊल चुकतं. भेटीच्या व्हिसावर गेलेली बाई कामगार म्हणून कुठेच नसते.

म्हणून जाणारीला अडवण्यापेक्षा तिची नोंद नीट ठेवू. प्रत्येक ग्रामसंघाने एक वही करावी असा माझा प्रस्ताव आहे. जी बाई किंवा जो मुलगा राज्याबाहेर, देशाबाहेर कामाला जातोय, त्याच्या इच्छेने, त्याला विचारून, पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, एजंटचं नाव आणि नंबर, मालकाचा पत्ता, एक फोटो, आणि एक ठरलेला शब्द. हा शब्द म्हणजे मालक शेजारी उभा असताना फोनवर संकट कळवायची खूण. ‘म्हशीला वासरू झालं का’ असं काहीही चालेल. एजंट सरकारी परवान्याचा आहे का हे ई-मायग्रेट वेबसाइटवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. दीड-दोन लाख मागितले तर ती फी नव्हे, आणि त्यासाठी आपल्या गटातून कर्ज देताना चार प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. परदेशात अडचण आली तर परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल आहे, आणि १८०० ११ ३०९० हा फुकट नंबर. इथल्या इथे ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो, ‘दोन दिवस वाट बघा’ हे उत्तर चालत नाही. आपली हद्द नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ही वही पोरींवर पाळत ठेवायला नाही. कोणी मर्जीने लग्न करून गेली, तिला शोधायला ही वही काढायची नाही. चावी अध्यक्षांकडे राहील आणि कपाटाच्या बाहेर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. तसं झालं तर पुढच्या वेळी कोणी नाव देणार नाही.

आणि परत आलेलीचं. पोलीस घर शोधत आले आणि घरचे दारात गप्प उभे राहिले, तर शेजारणीने म्हणायचं, ‘हो, आमचीच आहे.’ ते एक वाक्य चौकशीच्या कागदावर चढलं की तिचे महिने वाचतात. ती आली की गटात तिचं नाव परत घ्यायचं, मागचा हप्ता थकला म्हणून दंड लावायचा नाही. हा दंडाचा मुद्दा आपल्या नियमावलीत नाही, तो ठराव करून घालावा लागेल. अध्यक्षताई, पुढच्या बैठकीत घ्यावा ही विनंती.

वहीचा नमुना मी लेखापाल ताईंकडे ठेवलाय, एका ग्रामसंघाला एक प्रत. ज्या गावांतून आत्ता कोणी बाहेर गेलेलं आहे त्यांनी आज जाताना न्या, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यात नेली तरी चालेल. प्रश्न असतील तर जेवताना विचारा, मी तिकडे मागेच बसते.